दोन सुकाणू, दोन सर्वो : १:२४ टगच्या नोंदवहीतून

रविवार, १३ ऑक्टोबर २०२४

खंडेनवमीला ड्रिल, जिगसॉ आणि ट्रान्समीटर यांना हळदकुंकू वाहून झाले, आणि वर्षभर माळ्यावर पडून असलेले, रिमोटवर चालणाऱ्या माझ्या मॉडेल टगचे (मोठ्या जहाजांना ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या बोटीचे) हल, म्हणजे बोटीचे बाहेरचे कवच, आज पुन्हा खाली उतरवले. हल फायबरचे असून त्याची लांबी १३३० मिमी आणि रुंदी ४०० मिमी आहे. ३२ मीटर लांबीच्या टगच्या मानाने हे प्रमाण १:२४ होते. पाण्याच्या रेषेवर नीट बसण्यासाठी त्याचे एकूण वजन ३४ किलोच्या जवळपास जावे लागेल आणि त्यातला मोठा वाटा बॅटऱ्यांचा व शिशाचा असेल. मोटारी, शाफ्ट आणि पंखे गेल्या वर्षीच बसवलेले आहेत. राहिले आहे ते सुकाणूचे काम.

बंदरांत आता येणाऱ्या बहुतेक नव्या टगना सुकाणू नसतेच, कारण त्यांचे पंखेच खालच्या शेंगेसकट पूर्ण वर्तुळात फिरतात. मला मात्र जुन्या पद्धतीचा, दोन पंखे आणि प्रत्येकाच्या मागे एकेक सुकाणू असलेला टग करायचा होता, त्यामुळे ही सगळी उठाठेव आपणहून ओढवून घेतलेली आहे. दोन्ही सुकाणू एकाच सर्वोने (सिग्नल सांगेल तेवढ्याच कोनात फिरून थांबणाऱ्या छोट्या मोटारीने) चालवावीत की प्रत्येकाला स्वतंत्र सर्वो द्यावा, हा पहिला प्रश्न होता. एकच सर्वो ठेवला आणि तो पाण्यात बंद पडला, तर ३४ किलोचे धूड काठावर आणणे कठीण होईल. म्हणून दोन सर्वो बसवायचे, दोन्ही एकाच चॅनेलवर वाय-केबलने (एका सिग्नलच्या दोन वाटा करणाऱ्या तारेने) जोडायचे, आणि शिवाय दोन्ही टिलर (सुकाणूच्या दांड्यावरचे आडवे हात) एका आडव्या पट्टीने बांधायचे, म्हणजे एक सर्वो गेला तरी दुसरा दोन्ही सुकाणू फिरवील, असे ठरवले. कागदावर हा विचार फार सुरक्षित दिसतो.

शनिवार, १९ ऑक्टोबर

सर्वो किती ताकदीचा लागेल याचा हिशेब आज केला, कारण ‘बोट मोठी आहे, मोठाच बसवा’ एवढ्या सल्ल्यावर पैसे घालण्याची इच्छा नव्हती. खऱ्या टगचा ११ नॉटचा वेग या प्रमाणात सेकंदाला सुमारे १.१५ मीटर होतो, कारण वेग प्रमाणाने नव्हे तर प्रमाणाच्या वर्गमुळाने कमी होतो. परंतु सुकाणू पंख्याच्या थेट मागे असल्याने त्यावर येणारे पाणी याहून बरेच वेगवान असते, म्हणून मी २.५ मीटर धरले. प्रत्येक सुकाणू ७० मिमी रुंद व ९५ मिमी उंच आहे. पूर्ण वळलेल्या स्थितीत त्यावरचे बल या वेगाला २३ न्यूटन, म्हणजे साधारण २.३ किलो, इतके येते. खरा प्रश्न हे बल सुकाणू ज्यावर फिरते त्या दांड्यापासून किती लांब लागते हा आहे. दांडा पुढच्या कडेपासून २२ टक्के अंतरावर ठेवलेला आहे आणि पुढे जाताना बलाचे केंद्र ३७ टक्क्यांच्या आसपास धरले, तर मधले अंतर १०.५ मिमी होते व टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, २.४ किलो-सेंमी भरतो.

उलट जाताना मात्र मागची कड ही पाण्याला सामोरी जाणारी कड होते, बलाचे केंद्र तिकडे सरकते, आणि १०.५ मिमीच्या जागी ३३ मिमीचे अंतर येते. मागे जाताना सुकाणूवरच्या पाण्याचा वेग कमी असतो म्हणून टॉर्क १.६ किलो-सेंमीवरच थांबतो, पण तोच वेग दुप्पट झाला तर टॉर्क चौपट होईल. सुकाणू पूर्ण वळवून जोरात मागे घेणे हे टगचे नेहमीचेच काम असल्याने हा आकडा लक्षात ठेवणे भाग आहे. घर्षण, धक्के आणि जाहिरातीतील फुगवलेले आकडे यांचा विचार करून २० किलो-सेंमीचे, धातूच्या गिअरचे दोन डिजिटल सर्वो मागवले.

रविवार, २० ऑक्टोबर

सर्वो येईपर्यंत दांडे तपासले. दांडा ६ मिमी स्टेनलेसचा असून तो पितळी नळीतून वर येतो. नळीचे वरचे तोंड पाण्याच्या रेषेच्या २५ मिमी वर ठेवल्यामुळे तिथे वेगळ्या सीलची गरज नाही, नळीत भरलेले ग्रीस पुरेसे आहे. दांडा हाताने फिरत होता, पण ‘फिरतो’ याला माप नसते. म्हणून टिलरच्या २० मिमीवरच्या छिद्राला दोरा बांधून, हल कुशीवर ठेवून, दोऱ्याला वजने टांगत गेलो. उजवे सुकाणू ७० ग्रॅमला हलले आणि डावे ४०० ग्रॅमपर्यंत जागचे हलले नाही, म्हणजे नुसत्या घर्षणातच ०.८ किलो-सेंमी जात होते आणि तेही ग्रीस भरलेले असताना.

कारण शोधायला अर्धा दिवस गेला. नळी सरळ होती, दांडाही सरळ होता, पण सुकाणूचे खालचे टोक ज्या पितळी बुशमध्ये बसते तो बुश नळीच्या रेषेत नव्हता. फरक अर्धा मिलीमीटरच असेल. बुश काढून त्याचे छिद्र मोठे केले, दांड्याच्या टोकाला मेण लावले, सुकाणू जागेवर उभे केले आणि बुशभोवती एपॉक्सी भरून त्याला दांड्याच्याच आधाराने जागा घेऊ दिली. रात्री मोजले तेव्हा ६० ग्रॅमला हलले. उजव्याला कष्टाविनाच ७० मिळाले होते, ते तसेच ठेवले.

शनिवार, २६ ऑक्टोबर

सर्वो आले. भाजी मोजण्याच्या टांगत्या डिजिटल काट्याला हॉर्नच्या (सर्वोवर बसणाऱ्या हाताच्या) २० मिमीवरच्या छिद्रातून तार अडकवून ६ व्होल्टवर ओढायला लावले; दोन्ही सर्वो ७ किलोच्या आसपास थांबले, म्हणजे कागदावरचे २० प्रत्यक्षात १४ आहेत. गरजेच्या मानाने तेही भरपूर आहेत. ६ मिमी मरीन प्लायचा तळ करून दोन्ही सर्वो रबरी बुशांसह त्यावर बसवले.

सोमवार, ४ नोव्हेंबर

दिवाळीत काम बंद होते. आज रजा होती, तेव्हा हॉर्न बसवले, आणि या नोंदीत थोडे सविस्तर लिहितो, कारण पुढच्या बोटीच्या वेळी मी हे नक्की विसरलेलो असेन.

या सर्वोच्या दंडावर २५ दाते आहेत, म्हणजे हॉर्न एका दात्याने सरकवला की तो १४.४ अंशांनी फिरतो. सर्वोला १५०० मायक्रोसेकंदांचा, म्हणजे मध्याचा, सिग्नल देऊन हॉर्न बसवला की तो पुशरॉडशी (हॉर्न आणि टिलर जोडणाऱ्या सळईशी) क्वचितच अचूक काटकोन करतो. वाईटात वाईट परिस्थितीत तो अर्ध्या दात्याने, ७ अंशांनी चुकतो. बहुतेक जण ही चूक ट्रान्समीटरच्या सब-ट्रिममध्ये (सर्वोचा मध्य थोडा सरकवणाऱ्या सेटिंगमध्ये) भरून काढतात किंवा पुशरॉड लांब-आखूड करून सुकाणू सरळ करून घेतात. सुकाणू सरळ दिसते, पण हॉर्न तिरकाच राहतो आणि चूक दोन्ही बाजूंच्या कोनांत जाऊन बसते. माझा हॉर्न १६ मिमीचा व टिलर २० मिमीचा आहे. सर्वो दोन्हीकडे ४५ अंश फिरतो आणि हॉर्न काटकोनात असेल तर सुकाणू दोन्हीकडे ३४ अंश वळते. तोच हॉर्न ७ अंशांनी तिरका असेल तर एकीकडे ३६ आणि दुसरीकडे ३२ अंश मिळतात. बोट एका बाजूला चटकन वळते, दुसऱ्या बाजूला आढेवेढे घेते, आणि आपण दोष पंख्यांना देत बसतो.

यावरचा उपाय हॉर्नमध्येच आहे. चार हातांचा, फुलीसारखा हॉर्न घेतला, तर २५ दात्यांना ४ ने पूर्ण भाग जात नसल्यामुळे प्रत्येक हात शेजारच्या हाताच्या तुलनेत पाव दात्याने वेगळा पडतो. म्हणजे फुली तशीच ठेवून वेगवेगळा हात वापरून पाहिला की १४.४ अंशांऐवजी ३.६ अंशांच्या पायऱ्या मिळतात. चारही हातांवर पेनाने १, २, ३, ४ लिहिले, प्रत्येक हात गुण्याशी लावून पाहिला, आणि डाव्या सर्वोला ३ क्रमांकाचा व उजव्याला १ क्रमांकाचा हात जवळजवळ बिनचूक काटकोनात आला. उरलेले तीन हात कापून टाकले. उरलेला अंशभर फरक सब-ट्रिमवर सोडायला हरकत नाही.

पुशरॉडसाठी सायकलचे २ मिमीचे स्पोक वापरले आहेत. लांबी १८० मिमी, टिलरच्या बाजूला बॉल लिंक, म्हणजे गोळीवर फिरणारा सांधा. टिलरचा ग्रब स्क्रू गोल दांड्यावर नुसता आवळून भागत नाही, म्हणून दांड्यावर कानशीने सपाट जागा करून घेतली आणि स्क्रूला थ्रेडलॉक लावले.

शनिवार, ९ नोव्हेंबर

आज पहिल्यांदा वीज दिली. दोन्ही सुकाणू झोकात वळली आणि घरात सर्वांना बोलावून दाखवून झाले. नंतर स्टिक मध्यावर सोडली तरी सर्वो गुणगुणत राहिले, आणि पूर्ण डावीकडे धरल्यावर तो आवाज मच्छरासारखा बारीक व त्रासदायक झाला. चार मिनिटांनी रिसीव्हरचा दिवा विझला, परत लागला, आणि सुकाणू एकदम दचकल्यासारखी मध्यावर आली. ईएससीला (मोटारींचा वेग कमी-जास्त करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेटीला) हात लावला तर चटका बसला, वास्तविक मोटारी जोडलेल्यासुद्धा नव्हत्या.

गरम होण्याचे कारण लगेच समजले. रिसीव्हरला ५ व्होल्ट ईएससीमधल्या बीईसीतून (बॅटरीचा दाब कमी करून रिसीव्हर व सर्वोंना देणाऱ्या भागातून) मिळत होते आणि तो लिनिअर प्रकारचा आहे. १२ व्होल्टच्या बॅटरीतले उरलेले ७ व्होल्ट तो नुसते उष्णतेत घालवतो. सर्वो १ अँपिअर घेत असतील तर ७ वॉट त्या एवढ्याशा तुकड्यात जिरतात, तो तापतो, आणि स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. दोन्ही ईएससींच्या प्लगमधली लाल वायर पिनसकट बाहेर काढून त्यावर श्रिंक ट्यूब चढवली, आणि ६ व्होल्ट ५ अँपिअरचा वेगळा स्विचिंग बीईसी मागवला.

शनिवार, १६ नोव्हेंबर

नवा बीईसी बसवला. तो गार राहतो, रिसीव्हर बंद पडत नाही, आणि मी दुपारभर समाधानात होतो. संध्याकाळी घरात शांतता झाल्यावर लक्षात आले की गुणगुणणे जसेच्या तसे आहे. मोठ्या बीईसीने दुखणे बरे केले नव्हते, फक्त ताप उतरवला होता.

सर्वोंच्या वाटेवर मल्टिमीटर घातला. मध्यावर ०.३ अँपिअर आणि पूर्ण डावीकडे १.१ अँपिअर, तेही सुकाणूवर पाण्याचा काहीही भार नसताना! डाव्या सर्वोचा प्लग काढला तर एकट्या उजव्याने दोन्ही सुकाणू आडव्या पट्टीमार्फत निमूटपणे फिरवली आणि थांबल्यावर मीटर जवळजवळ शून्यावर आला. उजवा काढून डावा लावला, तरी तेच. म्हणजे दोघांपैकी कोणीही आजारी नव्हता. दोघे एकत्र आले की भांडत होते.

आडवी पट्टी काढली आणि दोन्ही हॉर्नखाली कोनमापक चिकटवला. एकाच पेटीतून आलेले, एकाच नावाचे हे सर्वो मध्यावर एक अंशाने वेगळे आहेत, आणि पूर्ण डावीकडच्या त्याच सिग्नलला डावा सर्वो ४५ अंश फिरतो तर उजवा ४८.५ अंश. पुशरॉडच्या दिशेने हा फरक पाऊण मिलीमीटरपेक्षाही कमी आहे, पण डिजिटल सर्वो आपल्या जागेबद्दल भलताच हट्टी असतो. पट्टी ताठ असल्याने दोघांनाही आपापली जागा मिळत नव्हती, आणि प्रत्येक जण दुसऱ्याला ओढण्यात बॅटरी खर्च करत होता. सुरक्षिततेसाठी जोडलेली ती पट्टीच सगळ्या त्रासाचे मूळ निघाली, आणि ती मीच, विचारपूर्वक, बसवली होती.

पट्टी कायमची काढली. वाय-केबलही काढली आणि डावा सर्वो चॅनेल १ वर व उजवा चॅनेल ५ वर घेऊन ट्रान्समीटरमध्ये चॅनेल ५ ला चॅनेल १ च्या मागे चालवणारे मिक्स लावले. आता थांबलेल्या स्थितीत दोन्ही सर्वो मिळून मीटरवर शंभरावा भाग अँपिअर दाखवतात. एक सर्वो गेला तर एक सुकाणू जाईल. दुसरे सुकाणू आणि दोन स्वतंत्र पंखे यांवर बोट काठाला आणता येईल, ही जाणीव पहिल्याच दिवशी व्हायला हरकत नव्हती.

रविवार, १७ नोव्हेंबर

ट्रान्समीटरचे काम. हल जुन्या गादीवर पालथे घातले, सुकाणूच्या खालच्या कडेला क्लिपने पातळ काडी लावली आणि पुठ्ठ्यावर काढलेल्या कोनमापकावर प्रत्येक कोन वाचला. आधी मध्य, मग सब-ट्रिम, आणि सर्वांत शेवटी दोन्ही टोके, हा क्रम मोडला की सगळे पहिल्यापासून करावे लागते, कारण मध्य हलवला की टोकेही हलतात. दोन्ही सुकाणू आता दोन्हीकडे ३४ अंशांवर थांबतात. अर्ध्या अंशाचा फरक बॉल लिंकच्या सैलपणाचा आहे.

मग वेगाचा प्रश्न आला. जहाजांसाठीच्या सोलास या आंतरराष्ट्रीय करारानुसार सुकाणू एका बाजूच्या ३५ अंशांपासून दुसऱ्या बाजूच्या ३० अंशांपर्यंत जास्तीत जास्त २८ सेकंदांत जायला हवे. आपल्या प्रमाणात काळही वर्गमुळाने, म्हणजे ४.९ ने, भागला जातो, तेव्हा हे २८ सेकंद ५.७ सेकंद होतात. सर्वोला तेवढ्या कोनासाठी पाव सेकंदही लागत नाही, आणि म्हणूनच बहुतेक मॉडेलांची सुकाणू माशाच्या शेपटीसारखी फडफडताना दिसतात. ट्रान्समीटरमध्ये सर्वोचा वेग कमी करून ५.७ सेकंद लावले. टेबलावर ते इतके देखणे दिसले की मी दहा वेळा करून पाहिले.

फेलसेफ लावले : सिग्नल गेल्यास मोटारी बंद, सुकाणू किंचित डावीकडे.

रविवार, २४ नोव्हेंबर

हातकणंगले तालुक्यात मेहुण्यांचे शेततळे आहे, ३० मीटर बाय ३० मीटर, प्लास्टिक अंथरलेले. असे तळे बोटीला उत्तम असले तरी माणसाला घातक असते. उतारावरचे ओले प्लास्टिक इतके निसरडे असते की पोहता येणाराही वर चढू शकत नाही. म्हणून आधी दोन गाठी मारलेले दोर काठावरून पाण्यात सोडून ठेवले आणि कोणीही उतारावर पाऊल टाकायचे नाही असे मुलांना बजावले.

बोट पाण्यात बसली ती रेषेवर, डावीकडे किंचित कलून. सरळ जाणे उत्तम, मंद वेगात वळणेही चांगले. ५.७ सेकंदांचे सौंदर्य मात्र पहिल्याच वळणावर संपले. समोर बांध येत असताना सुकाणू निवांतपणे वळत होते, मी स्टिक पूर्ण दाबून उभा होतो, आणि मेहुणे मागून म्हणाले, “दाजी, ही काय ऐकंना बगा तुमचं.” २८ सेकंद ही कराराने घातलेली वरची मर्यादा आहे, उद्दिष्ट नव्हे, आणि टगला तर चपळच असावे लागते, काठावर उभे राहूनच वेळ २.५ सेकंदांवर आणली.

खरे नुकसान मागे येताना झाले. सुकाणू पूर्ण उजवीकडे ठेवून बोट मागे घेत होतो, तिची पिछाडी उताराकडे गेली आणि डावे सुकाणू प्लास्टिकच्या घडीत रुतले. बोट सुटली, पण त्यानंतर स्टिक मध्यावर असतानाही ती डावीकडे ओढू लागली. काठावर घेऊन झाकण उघडले तर डावा स्पोक धनुष्यासारखा वाकलेला होता. सर्वोचे दाते शाबूत, टिलर घट्ट, हॉर्न जागेवर.

सोमवार, २५ नोव्हेंबर

वाकलेल्या स्पोकचा हिशेब केला. दाबाखाली बारीक सळई मोडत नाही, बाजूला फुगते. ते केव्हा होईल हे लांबीच्या वर्गावर आणि जाडीच्या चौथ्या घातावर ठरते. २ मिमी जाडीची, १८० मिमी लांब सळई सुमारे ५ किलोच्या दाबाला वाकते, आणि माझा सर्वो १६ मिमीच्या हॉर्नवरून जवळपास पावणेनऊ किलोने ढकलू शकतो. म्हणजे सुकाणू अडकले की स्पोक वाकणार हे २६ ऑक्टोबरला, काटा हातात होता तेव्हाच, कळायला हवे होते. ३ मिमीची सळई घेतली तर तोच आकडा २५ किलोच्या आसपास जातो.

कमकुवत स्पोक हाच एक प्रकारचा फ्यूज नाही का, असाही विचार मनात आला. परंतु सर्वो अडकला तर तो आवाज करतो, स्टिक सोडली की सुटतो आणि काही बिघडत नाही. स्पोक मात्र गुपचूप वाकतो आणि मध्य बदलून ठेवतो, आणि ते काठावरून दिसत नाही. त्यामुळे ३ मिमीच घ्यायचे ठरवले.

रविवार, १ डिसेंबर

३ मिमी स्टेनलेसच्या सळया, दोन्ही टोकांना आटे पाडून, दोन्हीकडे बॉल लिंक. उद्यमनगरातल्या ज्या मिस्त्रींनी आटे पाडून दिले त्यांनी पैसे घेतले नाहीत, पण टगचा व्हिडिओ मात्र मागून घेतला.

नव्या सळया बसवल्यावर सुकाणू हाताने धरून स्टिक हलवली, तर सुकाणू आणि सळई स्थिर, आणि सर्वोखालचा प्लायच वर उचलला जात होता. मोबाइल तळाच्या पातळीवर ठेवून सावकाश गतीचे चित्रण केले, तेव्हा तळाचे पुढचे टोक जवळजवळ २ मिमी वर-खाली होताना स्पष्ट दिसले. २० मिमीच्या टिलरवर २ मिमी म्हणजे पावणेसहा अंश. स्पोक वाकत होता तोवर हा दोष त्याच्या मागे लपलेला होता. तळाखाली दोन आडव्या पट्ट्या एपॉक्सीने चिकटवल्या आणि त्या हलच्या दोन्ही बाजूंना फायबरच्या पट्टीने बांधल्या.

रविवार, ८ डिसेंबर

पुन्हा शेततळे. थर्माकोलचे गोळे दोरीला दर अर्ध्या मीटरवर बांधून पाण्यावर सोडले, आणि त्यांच्याशेजारी पूर्ण सुकाणूवर वर्तुळे काढली. उजवे वर्तुळ साडेतीन मीटरचे, डावे सुमारे ३.४ मीटरचे, दोन्ही बोटीच्या लांबीच्या अडीच पटींच्या जवळ. आतला पंखा उलटा फिरवला तर ती जवळजवळ जागच्या जागी वळते.

मागे घेण्याची चाचणी मुद्दाम सहा वेळा केली, तीन डावीकडे व तीन उजवीकडे, काठापासून लांब राहून. पाऊण तासानंतर झाकण उघडले : बीईसी कोमट, सर्वो गार, तळावर पाण्याचा एक थेंबही नाही, उजव्या दांड्याच्या तोंडाशी मात्र ग्रीसची बारीक कड वर आलेली. ती पुसून नळीत पुन्हा ग्रीस भरले. कोनमापकावर पालथे घालून पाहिले तेव्हा मध्य हललेला नव्हता.